समजून काय ते द्या

गावाला जाताना घर बंद करणं तसं सोपं असतं. दूधवाल्याला सांगायचं, दूध बंद. पेपरवाल्याला सांगायचं, पेपर बंद. गॅस बंद, गीझर बंद, मेन स्विच बंद. तुळशीच्या कुंडीत पाण्याची बाटली उलटी खोचली की तिचंही भागतं. अडतं ते कुत्र्यापाशी. कुत्रं बंद करता येत नाही.

आमच्या कुत्र्याचं नाव ढोल्या. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत नाशिक ढोलाच्या दणक्याने गांगरून ते पिल्लू आमच्या स्कूटरखाली शिरलं आणि आमचंच झालं. नाव ढोलावरून पडलं, अंगाने ते त्याने नंतर कमावलं. जेवणाच्या बाबतीत त्याचे कुळाचार ठरलेले आहेत. पोळी कुस्करून दह्यात कालवायची, तीही हाताने. चमच्याने कालवलेली त्याला कळते. ताटली पुढे ठेवली की तो आधी भिंतीकडे बघतो. मग घरातल्या कुणीतरी खाली बसून 'जेवा आता' म्हणायचं. म्हटलं की तो दही तेवढं चाटतो, पोळीचे तुकडे नाकाने ढकलत कडेला लावतो आणि आपल्या तोंडाकडे बघत बसतो. ते तुकडे मग आपण भरवायचे. मला या घरात 'जेवा आता' असं कुणी म्हटल्याचं आठवत नाही. माझं ताट झाकून ठेवलेलं असतं.

दुसरं जनावर म्हणजे मांजर. तिला बाईसाहेब म्हणतात. मुक्काम फ्रिजवर. तिचं आमच्याशी बोलणं फक्त वाटी रिकामी असली तरच होतं, आणि तेही तक्रारीच्या सुरात.

तर बायकोच्या भाचीचं लग्न निघालं रत्नागिरीला. बायकोच्या माहेरचं लग्न म्हणजे पुरुषाला न जाण्याची सवलत नाही, आणि लवकर परतण्याची तर नाहीच. ढोल्याला बरोबर न्यायचा विचार मी करून पाहिला. रेल्वेचा नियम चोख आहे. कुत्रं जवळ बसवून न्यायचं तर वातानुकूलित पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे आपल्या नावावर पाहिजे. नाहीतर त्याने गार्डाच्या डब्यातल्या पेटीतून जायचं. आमची रोजची पंचवटी एक्स्प्रेस सगळी खुर्च्यांची, तिला कूपे कुठला! दुसऱ्या गाडीच्या कूपेचं भाडं बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग ढोल्याला कूपेत बसवू आणि आपण पेटीतून जाऊ. तेवढ्यात बसेल."

हा प्रश्न जुना आहे. धर्मराजाला स्वर्गाच्या दारात अडवलं ते बरोबरच्या कुत्र्यामुळे. भाऊ गेले, बायको गेली, तरी गृहस्थ कुत्रं सोडायला तयार नव्हता. व्यास काहीही म्हणोत, मला त्यात निष्ठेपेक्षा सोय दिसते. हस्तिनापुरात दिवसाला चारपाचशे घेऊन कुत्रं ठेवून घेणारा कोणी असता तर महाप्रस्थानिक पर्व बरंच आटोपशीर झालं असतं. आणि नाशिकचा तर या बाबतीतला अनुभव त्रेतायुगापासूनचा आहे. 'मी आलोच, तोवर लक्ष ठेव' एवढं सांगून घरातला कर्ता पुरुष पंचवटीतल्या कुटीतून बाहेर पडला; पुढचं सगळ्यांना पाठ आहे. 'लक्ष ठेव' या सूचनेवर आमच्या गावाचा विश्वास तेव्हापासूनच उडाला असावा. मागे राहून सांभाळणारा खरा माणूस म्हणजे भरत. चौदा वर्षं राज्य सांभाळलं, आणि घेतल्या काय, तर पादुका. आम्हाला तीही सोय नाही. घरातल्या पादुका ढोल्याने आधीच संपवल्या आहेत.

मेव्हणीला फोन केला. ती सिडकोत राहते. "आणून सोडा की! विचारायचं काय त्यात?" पाच मिनिटांनी तिच्या नवऱ्याचा फोन. "आमच्या सोसायटीत कुत्रं चालत नाही हो." मी त्यांना प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना ऐकवल्या. सोसायटीला कुत्री पाळायला बंदी करता येत नाही, लिफ्ट वापरू नका असंही सांगता येत नाही. ते म्हणाले, "वा! छानच की. मग मंडळाकडेच ठेवा."

या सूचना मला पाठ आहेत त्या आमच्या तळमजल्यावरच्या साहेबांमुळे. बँकेतून निवृत्त झालेले. ढोल्या लिफ्टमधून जातो याबद्दल त्यांनी सोसायटीकडे लेखी तक्रारी दिल्या आहेत, प्रत्येक तक्रारीला जावक क्रमांक घालून. तेव्हा हाच कागद मी त्यांना दाखवला होता. त्यांनी तो चष्मा वर करून वाचला आणि म्हणाले, "बरं. मग लिफ्टच्या बिलातला कुत्र्याचा हिस्सा मंडळ भरणार का, तेवढं विचारून घ्या."

राहिल्या वरच्या मजल्यावरच्या काकू. काकू प्रेमळ. एका शब्दावर कुत्रं ठेवून घेतील आणि एक पैसा घेणार नाहीत. तीच तर अडचण आहे. मागे आम्ही गावाला गेलो असताना त्यांनी आमच्या कुंड्यांना पाणी घातलं होतं. त्याची फेड अजून चालू आहे. त्यांचा सिलिंडर मी वर चढवतो. बँकेतला हयातीचा दाखला माझ्याकडे. नातवाला कॉलेज रोडच्या क्लासवरून आणणं माझ्याकडे. कुंड्यांना हा दर असेल तर कुत्र्याला काय पडेल? पैशाचं नुसतं नाव काढलं तरी त्यांचे डोळे भरून येतात. "आमच्याशी व्यवहार करता?" फुकटाची वस्तू आमच्या गावात नेहमीच परवडेनाशी होते. म्हणून या खेपेला ठरवलं की रोख पैसे मोजायचे, मोकळं व्हायचं.

गिरणाऱ्याच्या वाटेवर द्राक्षाच्या मळ्यात कुत्र्यांचं हॉस्टेल आहे असं कळलं. फोन लावला. मला वाटलं होतं चौकशी मी करायची. तिकडूनच सुरू झाली. चावतो का? रात्री रडतो का? रेबीजची लस कधी दिली? नाइन-इन-वन झालंय का? कार्ड आहे का? गोचीड? एसी की साधी रूम? माझ्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत एवढं विचारलं नव्हतं, आणि गोचीड तर मुळीच विचारले नव्हते.

"ब्रीड कोणती?"

"गावठी," मी म्हणालो.

पलीकडे क्षणभर शांतता.

"इंडी म्हणा साहेब. रेट तोच पडेल."

ढोल्याची एवढी बढती झाल्यावर मी जवळजवळ होकार देणार होतो. पण बायकोने जिल्ह्याचा नकाशाच काढला. मळा म्हणजे बाजूला ऊस, ऊस म्हणजे बिबट्या, आणि बिबट्याला कुत्रं कसं आवडतं हे नाशिकमध्ये शाळेतल्या पोरालाही सांगावं लागत नाही. मी म्हटलं, बिबट्याला मळ्याचं कौतुक नाही. २०१९ च्या जानेवारीत तो इथे गंगापूर रोडला सावरकरनगरात भरदिवसा येऊन गेला होता. "म्हणजे घरीही धोका आहेच," ती म्हणाली, "मग आपण जाऊच नये." लग्न तिच्या भाचीचं आहे, याची आठवण मला करून द्यावी लागली.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरांच्या कंपाउंडरने एक मुलगा सुचवला. म्हसरूळचा, फार्मसीला शिकणारा. "एकदम आपला माणूस. कुत्र्यांचं वेड आहे त्याला." मुलगा आला. ढोल्या दारावरच्या प्रत्येकावर भुंकतो. माझ्यावरही, मी टोपी घातली असेल तर. या मुलाच्या पायाशी मात्र तो पहिल्या भेटीत पोट वर करून लोळला. आम्हाला घरच्या माणसाने पाहुण्यांसमोर उघडं पाडल्यासारखं वाटलं.

आता पैशाचं बोलायचं होतं. बायकोने चहा आणला, चिवडा आणला. मी घसा साफ केला.

"तर, घेणार किती?"

"काय काका! पैशाचं काय घेऊन बसलात?"

"नाही, तसं नाही. आकडा ठरलेला बरा."

"तुम्ही समजून काय ते द्या."

मराठीत याहून महाग वाक्य नसेल. समोरच्याने आकडा सांगितला तर माणूस घासाघीस करू शकतो. इथे आपल्यालाच आपल्याशी घासाघीस करावी लागते, आणि त्यात दोन्हीकडून आपणच हरतो. कमी दिले तर त्याच्या नजरेतून उतरलो, जास्त दिले तर बायकोच्या. तळमजल्यावरच्या साहेबांचा सल्ला घेतला. ते म्हणाले, "पन्नास रुपये. आमच्या वेळी तेवढ्यात म्हैस सांभाळत." पुण्यात हिंजवडीला असलेल्या मुलीला विचारलं. तिने जो आकडा सांगितला त्यात मी स्वतः कुणाकडेही पट्टा बांधून राहायला गेलो असतो. पन्नास आणि तो आकडा यांच्यामधे अख्खा मध्यमवर्ग पसरलेला आहे. मी त्यात बरेच दिवस हिंडत होतो.

आणि हे नाशिकमध्ये व्हावं! पांडवलेण्यांवर आपण जातो ते दमायला आणि फोटो काढायला. पण तिथल्या दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने भिंतीवर सगळा व्यवहार कोरून ठेवला आहे. एकोणीसशे वर्षं होत आली असतील. भिक्षूंनी पावसाळ्यात लेण्यात मुक्काम करायचा, त्यांच्या वस्त्रांची सोय झाली पाहिजे. म्हणून गृहस्थाने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण कायमचे ठेवले. एका श्रेणीकडे २०००, दरमहा शेकडा १ व्याजाने; दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही. व्याजातून वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२. शिवाय हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं, फलकावर नोंदलं आणि वर दगडात खोदलं. हिशेब करून पाहिला: २००० वर शेकडा १ ने वर्षाचे २४०, आणि वीस गुणिले बारा, २४०. पैचाही घोळ नाही! एकाही विणकराने 'महाराज, समजून काय ते द्या' म्हटल्याचा उल्लेख लेखात नाही. राजाच्या जावयाला जमलं ते मला फार्मसीच्या पोरासमोर जमेना.

निघायच्या आदल्या रात्री बायकोने सूचना लिहून काढल्या. फुलस्केप कागद, दोन्ही बाजूंनी. ढोल्यासमोर 'शिरा' म्हणू नये, म्हटल्यास करावा लागेल. सकाळी गोदापार्कला न्यावं, येताना मिसळीच्या हॉटेलावरून आणू नये, तो बसून राहतो. बाईसाहेबांकडे टक लावून बघू नये. औषधाची गोळी पेढ्यात घालून द्यावी. पेढा गिळून गोळी बाहेर काढल्यास दुसरा पेढा द्यावा. मुलाने कागद शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "काकू, यातले कोणतेही पाच सोडवायचे ना?"

रत्नागिरीत पोहोचलो आणि फोटो यायला लागले. पहिल्यात ढोल्या जेवत होता. स्टीलच्या वाटीत, कोरडी पोळी, कुणीही 'जेवा' न म्हणता. बायकोने फोटो मोठा करून पाहिला. "हा आपला नाहीच," ती म्हणाली. दुसऱ्यात बाईसाहेब त्या मुलाच्या मांडीवर झोपल्या होत्या. आमच्या मांडीवर त्या कधी बसलेल्या नाहीत. हळदीच्या मांडवात आम्ही दोघं या फोटोकडे बघत बसलो होतो, आणि भाचीच्या पाठवणीसाठी डोळ्यांत पाणी आलं आहे असा लोकांचा समज झाला.

लग्नाच्या आदल्या दिवशी जो फोटो आला त्याने मात्र हलकल्लोळ केला. ढोल्याच्या कपाळावर गंध. मागे रामकुंड. पुढे कोणीतरी धोतर नेसलेलं.

"अहो, रामकुंडावर का नेलंय त्याला?" बायकोचा आवाज चढला. रामकुंडावर माणसं स्नानाला जातात तशीच शेवटचे विधी करायलाही जातात, आणि घाबरलेल्या माणसाला दुसरंच आधी आठवतं. मी म्हटलं, ज्याचे विधी करतात तो फोटोत जीभ काढून बसत नाही. पण तिचा भाऊ, मेहुणे, केटरर असे सगळे जमा झाले आणि जो तो 'काय झालं, कधी गेले' विचारू लागला. मुलाला फोन लावला. तिकडून बाईचा आवाज.

"मी त्याची मामी."

हळूहळू उलगडा झाला. मुलाची प्रॅक्टिकल लागली होती. त्याने ढोल्याला मामाकडे दिलं. मामा अंबडला कंपनीत, त्यांची नाइट शिफ्ट. म्हणून मामीकडे, पंचवटीत. जनावर स्कूटरवर दोघांच्या मधे बसून होळकर पुलावरून गेलं. मामी रोज रामकुंडावर जातात म्हणून तेही गेलं, आणि गंध लावणाऱ्याने माणूस-कुत्रं असा भेद केला नाही. "लई गुणी आहे हो," मामी म्हणाल्या. "शिरा केला होता, सगळा खाल्ला."

"आणि मांजर?"

"मांजराचं मला काय माहीत नाही."

मांजर घरी होतं आणि तिला आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशी दूध घालत होत्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं; बाईसाहेबांनी त्यांना जिन्यात गाठलं होतं. मावशींचं म्हणणं सरळ होतं. "कुत्र्याचं तुमचं त्याच्याशी ठरलंय. मांजराचं कुणाशीच बोलणं झालेलं नाही. ते वेगळं पडेल." किती, विचारलं. "आल्यावर समजून द्या ताई."

पुढे मामींच्या माहेरी, पिंपळगावला, हळद निघाली. त्यांनी ढोल्याला रिक्षात घातलं आणि आमच्या सोसायटीत आणून, दार बंद दिसलं म्हणून, सरळ वरच्या मजल्यावर काकूंच्या हवाली केलं. ज्या दारात जायला नको म्हणून मी गिरणाऱ्यापासून म्हसरूळपर्यंत फोन फिरवले होते, त्याच दारात कुत्रं तीन हातांतून फिरून पोहोचलं. काकूंनी फोनवर एवढंच म्हटलं, "मला आधी सांगितलं असतं तर?" त्या वाक्यात पुढच्या दहा वर्षांचे सिलिंडर मला दिसले.

काकूंचे गुडघे दुखतात, त्यांना फिरवायला जमेना. मग फिरवलं कोणी, हे आम्ही परत आलो तेव्हा कळलं. फाटकात शिरलो तर समोरून साहेब येत होते. हातात पट्टा, पट्ट्याला ढोल्या, बगलेत वही. मला बघून त्यांनी पट्टा दुसऱ्या हातात घेतला, जणू कुणीतरी जाता जाता धरायला दिला होता.

"काकूंनी सांगितलं म्हणून. दुसरं काही नाही," ते म्हणाले, आणि वही उघडून पुढे केली. तारीख, वेळ, रकाने आखलेले. 'सकाळ ६.१०: झाली. सायं. ७.००: झाली नाही, कारण, वरातीतले फटाके. सायं. ८.२५: झाली, समाधानकारक.' खाली लाल शाईने 'तपासले' आणि सही. ज्या माणसाने या कुत्र्याला लिफ्टमधून न्यायला हरकत घेतली होती, त्याला ढोल्याचं पोट माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं. आम्ही एकत्रच लिफ्टमध्ये शिरलो. जावक क्रमांकाचा विषय कोणी काढला नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं: 'येणे: रु. ३४. बिस्किटे.' त्या क्षणी मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. एवढ्या माणसांत आकडा सांगणारा हा एकटा! मी पन्नासची नोट दिली. त्यांनी सोळा रुपये परत दिले आणि माझी सही घेतली.

बाकीच्यांचं तसं झालं नाही. मुलगा संध्याकाळी आला. मी रक्कम पाकिटात घालून तयार ठेवली होती. घरात दुसरं पाकीट नव्हतं, लग्नातलं आहेराचं उरलं होतं. वर गणपती, 'शुभविवाह' आणि चिकटवलेला रुपया. "काका, राहू द्या." "अरे घे." "नको काका, खरंच." "माझं ऐक." तिसऱ्या खेपेला मी ते त्याच्या शर्टाच्या खिशात कोंबलं, त्याने बाहेर काढलं, मी परत कोंबलं आणि खिसा उसवला. मग त्याने घेतलं. दारात चप्पल घालता घालता तो हलकेच म्हणाला, "मामांचं पेट्रोल तेवढं बघा काका." मामांचं बघितलं. मावशींना दिले, त्यांनी न मोजता कमरेला खोचले आणि जिन्यात मोजले. काकूंसाठी रत्नागिरीहून फणसपोळी आणली होती. त्यांनी ती घेतली आणि म्हणाल्या, "येत्या सोमवारी मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय, तुम्ही मोकळेच आहात ना?"

मामी तेवढ्या राहिल्या होत्या. त्या चैत्रात आपण होऊन आल्या. रिक्षातून उतरल्या, ढोल्याने त्यांना ओळखून शेपटीने जिना झाडला. त्यांच्या एका हातात शिऱ्याचा डबा होता, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, आणि पिशवीतून लाल तुरा बाहेर आला होता.

"सप्तशृंगीच्या गडावर चाललोय सगळे, यात्रेला. हा तेवढा ठेवा. कुणाला त्रास नाही देत." कोंबड्याने पिशवीतून मान बाहेर काढली, फ्रिजवरच्या बाईसाहेबांकडे पाहिलं आणि आपण कुठे आलो ते ओळखलं. "आणि हे बघा, पैशाचं काय ते आधी सांगा. मला नंतरचं आवडत नाही."

माझी वेळ आली होती. आयुष्यात पहिल्यांदा समोरून कोणीतरी आकडा विचारत होतं. उषवदाताचं स्मरण करून मी तोंड उघडलं.

"इश्श, मामी!" बायको म्हणाली. "पैसे कसले? तुमचंच घर आहे."

कोंबडा बाथरूममध्ये राहतो. पहाटे चारला आरवतो, त्यावर ढोल्या भुंकतो, आणि खाली साहेबांच्या खोलीतला दिवा लागतो. कालपासून त्यांनी वहीत नवा रकाना आखला आहे.